शंभर चौकोनांचे देश

१२ जानेवारी, सोमवार

विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात यंदा भूगोलानंही भाग घ्यायचा, असं मुख्याध्यापिकांनी आज स्टाफरूममध्ये जाहीर केलं. भूगोल म्हणजे मी. विषयही त्यांनीच ठरवून आणला होता: कोळशाची वीज सोडून ऊन-वारा-पाण्याच्या विजेकडे कोणता देश कुठवर पोचला. मी म्हटलं, "मॅडम, आपली शाळा वीजकेंद्राच्या कॉलनीतली. माझ्या नववीतल्या तीस मुलांपैकी बावीस जणांचं घर कोळशावर चालतं." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर." आणि चहा प्यायला लागल्या.

माझंही घर त्याच बावीस घरांसारखं. माझे यजमान दीपक एकवीस वर्षं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या डेस्कवर आहेत. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे नोटीस लागली. कंपनीचा नांदगावकडे मोठा सौर प्रकल्प टप्प्याटप्प्यानं सुरू होतोय. कोळशावरच्या ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांनी तेरा मार्चपर्यंत अर्ज भरायचा. नऊ महिने तिथंच प्रशिक्षण, मग तिथंच नेमणूक, आणि इथलं क्वार्टर सोडायचं. "भरणार का?" असं मी विचारलं तर म्हणाले, "बघू." हा माणूस लग्नाच्या बैठकीतही हेच म्हणाला होता. माझ्या वडिलांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला, म्हणून माझं लग्न झालं.

१७ जानेवारी, शनिवार

संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं. पंचवीस जणी आल्या. शेजारच्या मंगलाबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय बाई, तुमचे साहेब चालले का नांदगावला?" त्यांचे यजमान रावजीभाऊ कोळशाच्या यार्डात आहेत, त्यामुळे कोण राहणार नि कोण जाणार याची त्यांना फार उत्सुकता.

मी म्हटलं, "आम्ही कुठं जातोय! माझी शाळा इथं, कढीपत्ता इथं, तुम्ही सगळ्या इथं. मला इथून हलवायला क्रेन लागेल." सगळ्या खो खो हसल्या. दीपक पाण्याचा जग न्यायला आत आले होते, तेही हसल्यासारखे वाटले. नंतर जेवले मात्र अर्धीच भाकरी. तिळाचे लाडू जास्त झाले असणार.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज वर्गात जे झालं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

रीत साधी ठरवली आहे. देशाला एक लांब पट्टी, पट्टीत शंभर चौकोन. त्या देशात शंभर युनिट वीज तयार झाली तर त्यातली कशापासून किती, तेवढे चौकोन रंगवायचे. कोळसा काळा, ऊन पिवळं, वारा पांढरा, पाणी निळं, बाकीचं करडं. सुरुवात ब्रिटनपासून केली, कारण कोळसा जाळून शहराला वीज विकायला सगळ्यात आधी तिथं सुरुवात झाली. मुलांनी तीन सालांच्या तीन पट्ट्या केल्या. १९९०च्या पट्टीत साठाहून जास्त चौकोन काळे. मुलांचे हात काळे झाले, बाकं काळी झाली. २०१२ला चाळीसेक. मग २०२५.

मोहिनी नावाची मुलगी ती पट्टी रंगवत होती. तिनं काळी पेन्सिल हातात धरली आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, काळा किती?" मी म्हटलं, "एकही नाही. २०२४च्या सप्टेंबरात त्यांनी शेवटचं केंद्र बंद केलं." ती म्हणाली, "एकही नाही? म्हणजे संपलं?" आणि तिनं पेन्सिल हळूच खाली ठेवली. मागच्या बाकांवरची मुलं उठून तिच्या बाकाभोवती जमली. एकशे बेचाळीस वर्षं चाललेली आग विझली आणि विझवणारी माणसंच होती.  बावीस वर्षं भूगोल शिकवतेय, पण नकाशावर एखादी गोष्ट होताना आज पहिल्यांदा दिसली.

घरी आल्या आल्या दीपकना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तिथल्या बॉयलरवाल्यांचं काय झालं?" मी म्हटलं, ते काही माझ्या आकड्यांत नाही. "मंग कसली म्हायती गोळा करता तुम्ही?" म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. माझ्या कौतुकाच्या गोष्टीवर पाणी कसं फिरवावं ते यांच्याकडून शिकावं.

२९ जानेवारी, गुरुवार

कपाटात दीपकच्या आयटीआयच्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्स सापडल्या, आणि पाकिटात पासपोर्ट आकाराचे चार फोटो. फोटोत भांग पाडलेला, शर्ट इस्त्रीचा. गाडीच्या लायसन्सचं नूतनीकरण असणार. एवढ्यासाठी इस्त्री! माझ्या भावाच्या लग्नात साधा कोट घाला म्हटलं तर घातला नव्हता.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज भारत. मुलांना म्हटलं होतं की आकडे घरून विचारून आणा, मी सरकारी अहवालाशी ताडून बघते. सगळे एकच उत्तर घेऊन आले: आता निम्मं कोळशाशिवाय. अहवालातही तेच सापडलं, गेल्याच वर्षी देशानं हा पल्ला गाठला. पन्नास चौकोन पिवळे, निळे, पांढरे झाले आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. आदल्या दिवशी केलेल्या जर्मनीच्या पट्टीशेजारी आपली लावली तेव्हा मला भरूनच आलं. मुख्याध्यापिकांनी पट्टीचा फोटो काढून संस्थेच्या ग्रुपवर टाकला.

४ फेब्रुवारी, बुधवार

कपाळाला हात लावायची वेळ आली. काल तो फोटो दीपकना दाखवला. चौकोन मोजले, मग म्हणाले, "शुभांगी, हे चुकलंय."

"चुकेल कसं? तुमच्याच लोकांनी मुलांना सांगितलंय."

"आमच्या लोकांनी मेगावॉट सांगितला. मेगावॉट म्हंजे पंगतीला ताटं किती मांडली. जेवले किती, ते येगळं. आमचा कोळशाचा गडी दिवसरात ताटावर बसून ऱ्हातो. सौरवाला दुपारी येतो, चार घास खातो आन् उठून जातो. ताटं निम्मी हायेत, पर जेवण नाय निम्मं."

या कॉलनीत सगळं मेगावॉटमध्ये चालतं. एकमेकांना ओळखतातसुद्धा 'दोनशेदहावाला' म्हणून, म्हणजे दोनशेदहा मेगावॉटच्या संचावरचा. युनिटमध्ये कुणी बोलतच नाही, कारण कोळशाच्या माणसाला ताट आणि जेवण यात फरक करायची वेळच आलेली नसते. आणि मी बाई भूगोलाची, बायको बॉयलरवाल्याची, तरी ब्रिटनला जेवण मोजलं आणि भारताला ताटं.

आज वर्गात कबूल केलं आणि पट्टी पुन्हा केली. शंभरातले सत्तराच्या वर चौकोन काळे झाले. मुलांचे चेहरे पडले. मग मला सुचलं म्हणून दहा-अकरा वर्षांपूर्वीची पट्टी शेजारी करायला लावली. तिच्यात पिवळा चौकोन अर्धासुद्धा भरत नव्हता. आता सात-आठ. आणि या काळात आपली वीज दीडपट झाली आहे, म्हणजे पट्टीच लांबत चाललीय आणि लांबत्या पट्टीत आपण रंग भरतोय. हे सांगताना माझा मलाच आवाज वेगळा वाटला. मागे असूनही इतकं मोठं काही चाललेलं असू शकतं, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

व्हरांड्याची भिंत भरत आली. डेन्मार्कच्या पट्टीत निम्म्याहून जास्त पांढरे चौकोन, नुसता वारा. तीसपस्तीस वर्षांपूर्वी तोच देश जवळपास सगळा काळा होता. उरुग्वेची पट्टी रंगपंचमीसारखी आणि काळा औषधालाही नाही. पोलंडचा काळा झपाट्यानं उतरतोय, तरी अजून निम्म्याच्या वर आहे. दक्षिण आफ्रिका आपल्याहूनही काळी. तिथं एक केंद्र बंद झालं तेव्हा गावातली दुकानंही बसली, असं वाचलं. ते मी मुलांना सांगितलं नाही.

आणि चीन! अजून नवी कोळशाची केंद्रं बांधतोय, पट्टीत निम्म्याहून जास्त काळं. पण त्यांनी २०२४ या एका वर्षात जेवढी सौर ताटं मांडली, तेवढी आपल्या अख्ख्या देशातल्या सगळ्या प्रकारच्या ताटांच्या निम्म्याहून जास्त भरतात. एका वर्षात! हा आकडा मी तीनदा तपासला आणि मग खुर्चीत बसूनच राहिले. हे कौतुक करायचं की घाबरायचं ते कळेना. दोन्ही केलं.

दीपकनी मोठ्या काठाची टोपी आणलीय. उन्हाळ्याला अजून महिना आहे आणि यांची सगळी नोकरी एसी कंट्रोल रूममध्ये. विचारलं तर म्हणे स्वस्त मिळाली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी दीपक शाळेत आले. म्हणे, तुझा डबा राहिला होता. डबा माझ्या पिशवीतच होता, यांनी दुसरा भरून आणला होता. मधली सुट्टी संपली तरी व्हरांड्यात उभे. एकेक पट्टी वाचत होते, बोट लावून, पहिलीतल्या मुलासारखे. शिपाई सहादू म्हणाला, "बाई, सर तर सोमवारी बी आल्ते." मला जरा रागच आला. चुका काढायच्या असतील तर घरी काढाव्यात.

२८ फेब्रुवारी, शनिवार

प्रदर्शन झालं. चारशेच्या वर माणसं येऊन गेली. मुलं इतकी छान बोलली की मी मागे उभी राहून नुसती ऐकत होते. "हा देश कालपर्यंत असा होता, आज असा आहे," असं ती पोरं सांगत होती आणि मोठी माणसं तोंडात बोटं घालून ऐकत होती. एवढ्याशा व्हरांड्यात सगळी पृथ्वी हलताना दिसत होती. मला दोनदा रडू आलं, दोन्ही वेळा पदर सारखा करायच्या निमित्तानं भिंतीकडे वळले.

एकच गोष्ट टोचली. रावजीभाऊ भारताच्या पट्टीपाशी थांबले आणि मोहिनीला म्हणाले, "हे काळं म्हंजे आम्हीच ना?" ती "हो आजोबा" म्हणाली. "पुसायचं तर पुसा पोरीहो. पर पुसायच्या आधी नावं तरी लिहून घ्या. अडतीस साल लोकांच्या घरात उजेड घातलाय आम्ही."  मी पुढे होऊन त्यांना चहा दिला, दुसरं काय करणार.

घरी येऊन मी सगळा राग दीपकवर काढला. "रावजीभाऊ दोन वर्षांत निवृत्त होतील. तुमची अजून तेरा वर्षं आहेत. अख्खं जग एकेक पाऊल टाकतंय आणि तुमच्याच्यानं एक अर्ज भरवत नाही!"  म्हणाले, "तुझं काय ठरलंय?" मी म्हटलं, "माझा काय संबंध? नोकरी तुमची." म्हणाले, "बघू."

६ मार्च, शुक्रवार

सुरक्षा सप्ताहात एक दिवस घरच्यांना केंद्र बघायला नेतात. इतक्या वर्षांत कधी गेले नाही, शाळेचं निमित्त सांगत आले. यंदा गेले.

दीपकच्या खुर्चीमागे उभी राहिले. समोर भिंतभर आकडे. त्यांचा संच दोनशे मेगावॉटच्या आसपास चालला होता. अकराच्या सुमारास फोन आला, मुंबईकडून, राज्याची वीज सांभाळणाऱ्या कचेरीतून. दीपक "हा सर, खाली घेतो" म्हणाले आणि आकडा उतरायला लागला. एकशेनव्वद, एकशेसत्तर, एकशेपन्नास. मला वाटलं काही बिघडलं. कुजबुजत विचारलं, काय झालं?

"काय नाय. ऊन वाढलं."

"म्हणजे?"

"तिकडं धुळ्याला, सोलापूरला, नांदगावला, लोकांच्या पत्र्यावर, समद्यांची सौर वीज चढली. म्हून आम्ही खाली यायचं. आता चारपत्तुर असंच. मंग ऊन उतरलं का आम्ही वर."

"रोज?"

"रोज. चार-पाच वर्षं झाली."

मी काचेतून बाहेर पाहिलं. नेहमीचंच ऊन, ज्याला मी रोज छत्री उघडून शिव्या देते. शेकडो कोसांवर पसरलेलं ते ऊन इथं एका बंद खोलीत माझ्या नवऱ्याच्या बोटाशी येऊन पोचत होतं आणि एवढं मोठं धूड त्याच्यासाठी अंग चोरून वाट करून देत होतं. मी हात जोडले. चक्क जोडले, मागच्या बायका बघत असताना. कुणाला जोडले ते विचारलं तर सांगता येणार नाही.

दीपक हळूच म्हणाले, "मी रोज बघतो हे. लय भारी वाटतं. थोडी भीती बी वाटते."

७ मार्च, शनिवार

सकाळी दीपकनी माझ्यासमोर एक फाइल ठेवली. आत अर्ज. पूर्ण भरलेला, आयटीआयचं प्रमाणपत्र जोडलेलं, ते इस्त्रीच्या शर्टातले फोटो चिकटवलेले. खाली तारीख दोन फेब्रुवारी. फक्त शेवटची चौकट रिकामी: स्थलांतरास कुटुंबातील प्रौढ सदस्याची संमती.

मी म्हटलं, "महिना झाला भरून! मग बोलला का नाहीत?"

"तूच म्हनलीस ना सगळ्यांसमोर, क्रेन लागंल."

मी थट्टा केली होती. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. मंग कर सही." आणि मी पेन शोधायला म्हणून आत गेले ती भाजी निवडत बसले. पेन टेबलावरच होतं.

१० मार्च, मंगळवार

सही केलेली नाही. दीपक काही बोलत नाहीत. बोलले असते तर भांडून तरी झालं असतं.

आज मुख्याध्यापिकांना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमची जागा राखून ठेवता येणार नाही, संस्थेची पद्धत नाही. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षी नववीची एक तुकडी कमी होईल, मुलंच नाहीत. म्हणजे राहिले तरी खात्री नाही, गेले तर नाहीच. चव्वेचाळिसाव्या वर्षी नांदगावला मला कोण वर्ग देणार? बावीस वर्षं ज्या फळ्यावर लिहिलं तो सोडून नव्या गावात "यांची मिसेस" म्हणून राहायचं? मला भीती वाटते. स्पष्टच लिहिते, मला फार भीती वाटते. आणि गेले दोन महिने मी या भीतीला "दीपकना ठरवता येत नाही" असं नाव दिलं होतं.

१३ मार्च, शुक्रवार

शेवटची तारीख. दीपक सकाळच्या शिफ्टला गेले. फाइल टेबलावर तशीच ठेवून गेले.

व्हरांड्यातल्या पट्ट्या आज उतरवायच्या होत्या. सहादू स्टुलावर चढून काढत होता, मी खाली गुंडाळत होते. महिनाभर मी या देशांना पेपर तपासल्यासारखे गुण देत होते. हा शहाणा, हा मागे, हा नुसता बोलतो. आज पोलंड गुंडाळताना वाटलं, या प्रत्येक पुसलेल्या काळ्या चौकोनामागे कुणाच्या तरी घरात टेबलावर अशी एक फाइल पडून राहिली असेल. कुणीतरी भाजी निवडत बसलं असेल. आणि तरीही शेवटी सही झाली असेल, लाखो घरांत, म्हणून तर पट्टीचा रंग बदलला. मला एकदम त्या सगळ्या अनोळखी बायकांचा आदरयुक्त धाक वाटला.

मी अर्धी रजा टाकली, घरून फाइल घेतली आणि रिक्षा करून केंद्राच्या गेटवर गेले. दीपकना फोन करून बाहेर बोलावलं. ते धावत आले, हेल्मेटसकट, चेहरा पांढरा, घरी कुणाला काही झालं असं वाटून. मी रिक्षाच्या सीटवर फाइल ठेवून सही केली. सही माझी मलाच ओळखू येईना.

त्यांनी ती पाहिली. "नक्की ना? तुझ्या शाळेचं काय?"

मी म्हटलं, "माहीत नाही. पण द्या आता, चारला ऑफिस बंद होतं."

ते दोन पावलं गेले, परत आले, रिक्षावाल्यासमोर माझा हात धरला आणि आत गेले.

२१ एप्रिल, मंगळवार

दीपकची निवड झाली. परवा मी आणि मंगलाबाईंनी मिळून त्यांची बॅग भरली, काल ते रुजू झाले. मी जूनपर्यंत इथंच आहे. नांदगावच्या दोन शाळांना अर्ज पाठवलेत, उत्तर कुठूनच नाही. भीती कमी झालेली नाही.

संध्याकाळी सातला फोन आला. मी घाबरूनच उचलला. ही यांची फोन करायची वेळ नाही. यांना अशी वेळच कधी नव्हती. आठवडाभर सकाळ, आठवडाभर दुपार, आठवडाभर नाइट, एकवीस वर्षं.

"काय झालं?"

"काय नाय. सूर्य मावळला," दीपक म्हणाले. "सगळं बंद झालं. समदे रूमवर आले. साहेब म्हनले, आता उद्या उजाडल्यावर."  मागून कुठंतरी पाखरांचा आवाज येत होता. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "शुभांगी, लोकं संध्याकाळी काय करत्यात गं?"

 मी म्हटलं, बसा आणि सांगा, पहिल्यापासून सांगा, तिथं आज काय काय पाहिलंत.

नऊ वाजेपर्यंत बोलत होतो.